नऊ सोळांश

इमारतीतली मुलं त्यांना पानाकाका म्हणत. मोठी माणसं मुलांना दटावत आणि पाठ वळली की स्वतःही तेच म्हणत. इतरांच्या खिशात पेन असतं तसा यांच्या खिशात पाना असायचा, दूध आणायला खाली उतरले तरी. एकदा बँकेत सही करायची म्हणून त्यांनी खिशात हात घातला आणि पाना बाहेर काढला, तेव्हा काचेपलीकडची बाई खुर्चीसकट मागे सरकली होती.

नोकरी वजनकाटे तपासायची. दुकानोदुकानी जायचं, तराजू बघायचे, वजनं पारखायची, शिक्का मारायचा. उभा जन्म दुसऱ्याच्या पारड्यात काय कमी आहे हे बघण्यात गेला. आपल्या पारड्यात बघायला सवड झाली तेव्हा ते निवृत्त झाले होते आणि पारडं बऱ्यापैकी रिकामं होतं. लग्न राहून गेलं. जगण्याचं त्यांचं सूत्र एकच होतं: तेल सोडा आणि थांबा. अडलेल्या बोल्टच्या बाबतीत ते सहसा खरं ठरतं. स्थळांच्या बाबतीत ठरलं नाही. पानाकाका उत्तर द्यायला थांबत, आणि तोवर मुलगी दुसऱ्याच्या घरी लेकुरवाळी झालेली असे.

राहता राहिली गाडी. गाडी वडिलांची. तिचा मूळ रंग निळा की राखाडी यावर घरातच दोन तट होते, आणि आता तर रंगच उरला नसल्यामुळे वाद मिटला होता. वडिलांचा दंडक होता, आपल्या गाडीला परक्याचा हात लागता कामा नये. दुसरा दंडक, आधी बघ, मग फिरव. बोल्ट दिसल्याशिवाय त्याला पाना लावायचा नाही. हे दोन्ही दंडक पानाकाकांनी इतके मनापासून पाळले की गाडी अजून रस्त्यावर होती. रविवारी सकाळी ते गाडी बाहेर काढत, गावाबाहेरच्या तलावापर्यंत जात, काच खाली करून पाच-दहा मिनिटं बसत आणि परत येत. शेजारची सीट नेहमी स्वच्छ पुसलेली असे. तिच्यावर कुणी बसत नसे म्हणून ती स्वच्छ राहायची, हा भाग वेगळा.

माणूस एकटा राहू लागला की त्याला कळतं, जगात एकट्याने न होणारी कामं किती आहेत. चादरीची घडी. पाठीला मधोमध लावायचं मलम. माळ्यावरची ट्रंक. गाडीच्या बाबतीत तर रोजचीच पंचाईत. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का, हे एकट्या माणसाने बघायचं कसं? पाय ब्रेकवर ठेवावा तर डोळे मागे नाहीत, मागे जाऊन बघावं तर पाय ब्रेकवर नाही. पानाकाकांनी यावर तोड काढली होती. गाडी पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून लावायची, ब्रेक दाबायचा आणि आरशात बघायचं. भिंतीवर दोन लाल ठिपके उमटले की काम झालं. हळूहळू त्यांना आरशांची सवयच लागली. गाडीखाली बघायला एक आरसा, टाकीमागे बघायला एक, आणि अगदीच अडचणीच्या जागी दाढीचा. पूर्वी जिथे दुसरं माणूस लागायचं तिथे आता आरसा लागत असे. आरसा चहा मागत नाही, हे खरं. पण 'अरे, सांभाळ' असंही म्हणत नाही.

टॉर्च मात्र आरशाला धरता येत नाही. ती पानाकाका दातांत धरत. आणि सवय मोठी वाईट. काम रंगात आलं की ते मध्येच बोलून जात, "जरा डावीकडे धर." तोंड उघडलं की टॉर्च पडे. मग ती गडगडत गाडीखाली जाई आणि तिचा आवाज थांबेपर्यंत पानाकाका तसेच वाकून उभे राहत.

अशा या गाडीचा स्टार्टर एका रविवारी गेला. चावी फिरवली तर नुसतं 'टक्'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. म्हाताऱ्याने जीभ टाळ्याला लावावी तसं. पूर्वी असं झालं की धक्का मारून गाडी सुरू करत. पण धक्का मारायलाही दोघं लागतात, एक ढकलायला आणि एक आत बसायला. एकट्याने ढकलत राहिलं तर गाडी फार तर पुढे जाते, सुरू होत नाही.

हे नेमकं नको त्या वेळी झालं. इमारतीचे अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. पार्किंगच्या पट्ट्या नव्याने आखायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. धूळ खात पडलेल्या गाड्या भंगारवाल्याला द्यायच्या आणि जागा मोकळ्या करायच्या. नियम सोपा होता. महिना संपायच्या आत जी गाडी चावीने सुरू होऊन फाटकापर्यंत जाऊन येईल, तिला पट्टी. नाही त्या गाडीला भंगारवाला.

"डॉक्टर, थोडा वेळ द्या. स्टार्टर तेवढा काढायचा आहे," पानाकाका म्हणाले.

"काका, दाताचं कसं असतं, हलायला लागला की काढतो. गाडीचं उलट आहे बघा. हलत नसली की काढायची." डॉक्टर स्वतःच्या विनोदावर खूश होऊन हसले आणि जाता जाता म्हणाले, "मन घट्ट करा हो. काढल्यावर दोन दिवस वाईट वाटतं, मग त्या पोकळीची जिभेला सवय होते."

पोकळीची सवय म्हणजे काय हे पानाकाकांना कुणी सांगायला नको होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक पलंग, एक खुर्ची आणि एक कप होता. गॅलरीतून खाली बघितलं की गाडीचं छप्पर दिसायचं. तेही गेलं तर गॅलरीतून बघायचं काय, असा साधा प्रश्न होता.

स्टार्टर दोन बोल्टांवर उभा असतो. खालचा पानाकाकांनी चहा निवायच्या आत काढला. वरचा इंजिनाच्या मागे, पार आतल्या अंगाला होता. हात जेमतेम पोचतो, डोळे पोचत नाहीत, आणि पाना आत गेला तर फिरायला जागा नाही. तिथे गोटीच लागते. गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसणारी पोकळ लोखंडी वाटी. ती लांब दांडीला लावायची, दांडी मुठीला लावायची आणि दुरून फिरवायचं. गाडी जुनी, त्यामुळे माप इंचाचं. या बोल्टला लागते नऊ सोळांशची गोटी.

पानाकाकांनी वडिलांची पेटी उघडली. ती वडिलांनी हाताने केलेली होती. प्रत्येक गोटीला लाकडात नेमकी तेवढीच खोबण कोरलेली. तीन अष्टमांश जागेवर होती. तिच्याशेजारची खोबण रिकामी. अर्धा इंच जागेवर. शेजारची रिकामी. पाच अष्टमांश, पुन्हा रिकामी. एकाआड एक दात पडलेलं बोळकं दिसावं तशी ती पेटी त्यांच्याकडे बघून हसत होती.

हे बोळकं मामांनी केलेलं.

पानाकाकांना एक धाकटा भाऊ होता. होता म्हणजे आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका बेकरीत भट्टी सांभाळतो. घरातलं नाव छोट्या. छोट्या आता सहा फूट उंच, डोक्यावर टक्कल आणि पदरी नात असा गृहस्थ आहे, पण एकदा घरात नाव पडलं की ते माणसाबरोबर वाढत नाही. दोघं भाऊ मिळून गाडी दुरुस्त करत. थोरला बघणारा, धाकटा चाचपणारा. छोट्या डोळे मिटून बोल्टवर बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "दादा, हा रुसलाय, एक हातोडा दे याला." आणि दादा म्हणायचा, "हातोडा नाही. तेल सोड आणि थांब." यावर त्यांचं रोज वाजे, पण ते वाजणं भांड्याला भांडं लागल्याचं होतं.

वडील गेल्यानंतर काही दिवसांनी दोघं गाडीचा पंप काढत होते. बोल्ट निघेना. थोरला तेल आणायला वर गेला, तेवढ्यात धाकट्याने हातोडा घातला. बोल्ट मानेतून तुटला. पानाकाका खाली आले, तुटलेलं डोकं बघितलं आणि छोट्याच्या बायकोसमोर, गल्लीतल्या चार माणसांसमोर बोलून गेले, "तू हात लावू नकोस रे कशाला. तू हात लावलास की ते मोडतंच."

छोट्याने पाना खाली ठेवला. चिंधीला हात पुसले. म्हणाला, "बरं."

आपल्याकडे शिव्या काही थोड्याथोडक्या नाहीत. पण 'बरं' या शब्दाला तोड नाही. शिवीला उत्तर देता येतं, 'बरं'ला काय देणार? त्या 'बरं'नंतर बोलणं तुटलं, मग घर विकलं, मग वाटणी आली. वाटणीला मामा बसले. मामांचा न्याय म्हणजे जवाच्या दाण्याने मोजलेला. ताटं चार, दोन-दोन. खुर्च्या दोन, एक-एक. गाडी थोरल्याला, तर शिलाई मशीन आणि कपाट धाकट्याला. आणि मग पेटी. "एक याची, एक त्याची," म्हणत मामांनी गोट्या क्रमाने वाटल्या. मूठ आणि दांडी थोरल्याकडे ठेवली, त्याबदल्यात धाकट्याला दोन हातोडे दिले. सबंध संचाचे दोन अर्धे संच झाले, आणि अर्धा संच कशाच्याच उपयोगाचा नसतो, हे त्या खोलीतल्या तिन्ही पुरुषांना ठाऊक होतं. एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरे होतं. पण थोरला म्हणाला, "मला चालेल," आणि धाकटा म्हणाला, "बरं." नशीब, घरात कुकर फुटका होता. नाहीतर मामांनी शिट्टी वेगळी काढली असती.

त्यानंतर पानाकाका अर्ध्या संचावर भागवत आले. हातात नसलेल्या मापाचा बोल्ट आला की तोंड लहानमोठं होणाऱ्या स्क्रू-पान्याने निभावून न्यायचं. पण हा बोल्ट निभावून घेणारा नव्हता.

ते हार्डवेअरच्या दुकानात गेले.

"नऊ सोळांशची गोटी आहे?"

"काका, इंची माप?" दुकानदाराने त्यांच्याकडे पुरातन वस्तू बघावी तसं बघितलं. "ते कुणी मागतही नाही आता. मिलिमीटरमध्ये घ्या. चौदा घ्या."

चौदाची बोल्टवर चढेना. परत गेले, पंधराची आणली. पंधराची चढली, पण लोंबत्या टोपीसारखी. चौदा चढत नाही आणि पंधरा टिकत नाही, आणि याच्या बरोबर मधे कुठेतरी आपला धाकटा भाऊ राहतो, असा विचार मनात आल्यावर पानाकाकांनी तो झटकून टाकला. शेवटी गॅरेजवाल्याला नुसतं बघायला बोलावलं. तोही येऊन बघून गेला. "कापावा लागेल गॅसने. आजूबाजूचं थोडं जळेल," म्हणाला. पानाकाकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग सुरू झालं तेल सोडणं. रोज संध्याकाळी कुपी घेऊन खाली जायचं, दोन थेंब सोडायचे आणि थांबायचं. बोल्ट नीट दिसावा म्हणून त्यांनी दाढीचा आरसा तारेने इंजिनामागे टांगला. त्यात बोल्टचं डोकं स्पष्ट दिसे, षटकोनी, गंजलेलं, घुम्यासारखं बसलेलं. वडिलांचा दंडक पाळला गेला याचं समाधान वाटे. आधी बघ, मग फिरव. आरशात बघत ते पंधराची गोटी चढवत, फटीत पत्र्याचा तुकडा कोंबत आणि मूठ आरशातल्या बोल्टच्या हिशेबाने डावीकडे ओढत. उजवीकडे आवळतं, डावीकडे सुटतं, हे जगातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. बोल्ट सुटत नव्हता. उलट रोज वाटायचं, काल बरा होता.

मेणबत्तीने ऊब देऊन मेण लावून झालं. मुठीला पाइप लावून जोर वाढवून झाला. सगळे उपाय थकले तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या हातोड्याचा एक घाव दांडीवर घातला. घाव म्हणजे काय, दार वाजवावं तसा. कुणी उघडलं नाही. पण त्या आवाजाने पानाकाका एवढे दचकले की टॉर्च पुन्हा पडली.

महिन्याचा शेवटचा शनिवार उजाडला. सोमवारी भंगारवाला येणार होता. पानाकाका खुर्चीत फोन घेऊन बसले. नंबर पाठ होता. इतक्या वर्षांत एकदाही लावला नव्हता, पण पाठ होता. लावला.

"हॅलो, कोण?" बाईचा आवाज.

"मी."

"मी कोण?"

"मीच."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज. "अगबाई! भाऊजी! अहो, ऐकलंत का, या आधी इकडे, तुमच्या दादांचा फोन!" मग पावलं, आणि मग धापा टाकत छोट्या.

"काय झालं? बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!"

"मग?"

पानाकाकांनी बोलायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. वय झालं, बोलणं कुठल्या कुठे जातं, आपण दोघंच उरलो, असं बरंच काही. त्यातलं काही ओठांवर येईना. "नऊ सोळांश आहे का रे तुझ्याकडे?" ते म्हणाले.

छोट्या हळूच म्हणाला, "स्टार्टरचा वरचा?"

"हो."

"अडलाय?"

"अडलाय."

"तेल सोडलंस?"

"महिनाभर सोडतोय."

"हातोडा?"

पानाकाकांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला.

"दादा, हातोडा?"

"मारला एकदा."

"तू?" छोट्याने बहुधा रिसीव्हरवर हात ठेवला, कारण पुढचं पुसट ऐकू आलं. "अगं, दादाने हातोडा मारला!" मग पुन्हा मोठ्याने, "थांब. येतो. आता काही मारू नकोस."

छोट्या दुपारी बसने आला. भुवयांवर पीठ, दोन्ही मनगटांवर भट्टीचे जुने चटके, आणि हातात बिस्किटांचा डबा. डब्यात गोट्या खुळखुळत होत्या. दोघं फाटकाशी समोरासमोर आले आणि थबकले. मिठी मारायची या घरात रीत नव्हती. नमस्कार करावा तर थोरला काय विचार करेल, हा प्रश्न. शेवटी छोट्या म्हणाला, "वाळलास." पानाकाका म्हणाले, "तू कमी खा." आणि ते गाडीकडे वळले.

"शोधायला वेळ लागला," छोट्या डबा उघडत म्हणाला. "नात नऊ सोळांशने बाहुलीला पाणी पाजते. तिचा पेला आहे तो. बाहुलीची परवानगी काढून आणलाय."

गोटी हातात घेतली. तिच्यात खरंच थोडं पाणी होतं. पानाकाकांनी ती रुमालाने पुसली आणि पुसतच राहिले.

छोट्या इंजिनावर ओणवा झाला. "हा आरसा कशाला टांगलाय?"

"दिसायला. आधी बघ, मग फिरव."

"आणि फिरवतोस कुठे?"

"डावीकडे. दुसरं कुठे फिरवणार?"

"आरशातल्या डावीकडे?"

पानाकाकांनी तोंड उघडलं. आरशाकडे बघितलं. डावा हात वर केला. आरशात दिसणारा माणूस भलताच हात वर करून उभा होता. महिनाभर, रोज, तेल सोडून, मेण लावून, पाइप जोडून, ते बोल्ट आवळत होते.

छोट्या आधी गालातल्या गालात हसला. मग त्याला आवरेना. बॉनेटला धरून, पोट धरून, पीठ उडवत तो हसला. "दादा! वजनकाट्यांचा साहेब तू! अरे, मी असतो तर पहिल्याच दिवशी ओरडलो असतो ना, उलट, उलट म्हणून!"

"तू नव्हतास," पानाकाका म्हणाले.

रागाने म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले. छोट्याचं हसू जागच्या जागी थांबलं.

मग छोट्याने आरसा काढून ठेवला, डोळे मिटले आणि हात इंजिनामागे घातला. बोटं बोल्टवर फिरली. "एक बरं झालंय. आवळायच्या अंगाचे कोपरे खाल्लेत तू. सोडायच्या अंगाचे धडधाकट आहेत. चुकलास, पण व्यवस्थित चुकलास."

नऊ सोळांशची गोटी डोक्यावर अशी बसली की जणू दोघांची जन्माची ओळख. छोट्याने दांडी सरळ धरली, पानाकाकांनी मूठ धरली आणि खऱ्या डावीकडे ओढली. बोल्ट हलला नाही. महिनाभराची मेहनत वाया थोडीच जाते! पुन्हा ओढली. पानाकाकांच्या मानेची शीर उभी राहिली, बोल्ट तसाच.

"याला धक्का लागणार," छोट्या म्हणाला आणि त्याने लगेच जीभ चावली. हात त्याने मागे घेतला होता आणि चिंधीला पुसत होता. पानाकाकांनी ते हात पुसणं ओळखलं. ते त्यांनी एकदा बघितलं होतं आणि मग पुष्कळ वर्षं रोज आठवणीत बघितलं होतं.

ते हातोड्यापाशी गेले. उचलला, उलटा केला आणि लाकडी दांड्याच्या बाजूने धाकट्यापुढे धरला.

"घे. तू मार."

छोट्याने हातोडा घेतला नाही. "मोडला तर?"

"मोडला तर मोडला."

"गाडी जाईल, दादा. सोमवारी उचलून नेतील."

"नेऊ देत. मार तू."

छोट्याने हातोडा घेतला. दांडी पानाकाकांनी धरली. जमिनीवर बसून, दोन्ही हातांनी, डोळे मिटून. पहिला घाव बसला. दुसरा. तिसऱ्याला पानाकाका म्हणाले, "थांब." तेलाची कुपी काढून त्यांनी दोन थेंब सोडले. "आता मुरू दे जरा." छोट्याने हूं की चूं केलं नाही. दोघं फाटकाच्या पायरीवर बसले. तेल मुरेपर्यंत छोट्याने बेकरीतल्या उंदराची गोष्ट सांगितली. पानाकाका हसले. खूप दिवसांत न हसलेल्या माणसाचं हसू आधी खोकल्यासारखं निघतं, तसं.

मग पुन्हा दांडी, पुन्हा मूठ. "हं. ओढ."

कट्ट.

एवढाच आवाज. काहीतरी तुटल्यासारखा. दोघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. मोडला का? छोट्याने डोळे मिटून हात आत घातला. बोटं चाचपत राहिली. मग त्याचा चेहरा सैल झाला.

"फिरतोय, दादा. नुसत्या बोटांनी फिरतोय."

पुढचं काम ठरल्यासारखं झालं. स्टार्टर निघाला. आत वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा झिजून गेला होता, तो बाजारातून नवा आणून घातला. बसवताना टॉर्च छोट्याने धरली. पानाकाका म्हणाले, "जरा डावीकडे धर," आणि टॉर्च डावीकडे गेली. त्यांना क्षणभर पुढे काय करायचं ते सुचेना.

रविवारी सकाळी, डॉक्टर दात घासत खिडकीत उभे असताना, पानाकाकांनी चावी फिरवली. गाडी खोकली, थुंकली आणि सुरू झाली. फाटकापर्यंत गेली आणि आली. शेजारच्या सीटवर छोट्या बसला होता, रात्री मुक्कामाला राहिला म्हणून. सीटला पीठ लागलं. डॉक्टरांनी तोंडात ब्रश असल्यामुळे नुसता हात वर केला.

वर आल्यावर चहा झाला. कप एकच. तो छोट्याला दिला आणि पानाकाकांनी वाटीतून घेतला. छोट्याचं लक्ष सगळीकडे फिरत होतं, एका खुर्चीवर, एका कपावर, दोरीवरच्या एका टॉवेलवर. पेटी जवळ ओढून त्याने नऊ सोळांशची गोटी तिच्या खोबणीत ठेवली. टप्प करून बसली.

"राहू दे हिला. हिची जागा आहे."

"आणि बाहुली?"

"हो की. बाहुली तहानेली बसलीय घरी." छोट्या डोकं खाजवू लागला. "आणि मामांचा न्याय? एक तुझी झाली तर एक माझी व्हायला हवी. मामा वरून बघत असतील."

"मग घे यातली."

"कुठली देतोस?"

पानाकाकांचं बोट पेटीवरून फिरलं. तीन अष्टमांश सालोसाल लागत नाही. पाऊण इंचाची तर कधीच लागली नव्हती. त्यांचं बोट या दोन्ही ओलांडून अर्ध्या इंचावर थांबलं. त्यांनी ती उचलली आणि छोट्याच्या तळहातावर ठेवली.

छोट्याने गोटीकडे बघितलं, मग दादाकडे. "ही? अरे, निम्मी गाडी अर्ध्या इंचावर आहे. ही तुला उठल्यासुटल्या लागेल."

"लागली तर लागली," पानाकाका म्हणाले आणि वाटीतला चहा एवढ्या बारकाईने बघू लागले की जणू त्यात माशी पडली आहे.

छोट्याने गोटी डब्यात टाकली. "बरं," तो म्हणाला.

हे 'बरं' निराळं होतं. त्याचं वजन पानाकाकांनी मनातल्या मनात केलं. पुरेपूर भरलं.

दुपारी छोट्या बसने परत गेला. डब्याचा खुळखुळाट जिन्यावरून खाली उतरला, फाटकाबाहेर गेला आणि रस्त्याच्या आवाजात मिसळला. पानाकाका गॅलरीतून बघत राहिले, बस दिसेनाशी झाल्यावरही. मग खोली नेहमीसारखी झाली. कप धुतला, वाटी धुतली. हा आता कधी येईल, हे विचारायचं राहिलं होतं. तोही काही बोलला नव्हता.

उन्हं कलल्यावर ते खाली गेले. बॉनेट उघडलं आणि अर्ध्या इंचाच्या प्रत्येक बोल्टवर बोट ठेवून बघितलं. सगळे घट्ट, साफ, तेलपाणी केलेले. इतकी वर्षं तेल घालताना हात कधी आखडलाच नव्हता, अडणार कोण? अगदी खाली, पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला एक सापडला. जरासा तांबूस. गंज नुकता धरू लागलेला.

तेलाची कुपी हातात होती. हात सवयीने पुढेही झाला होता. पानाकाकांनी तो आवरला, "अडला तर अडला," म्हणत कुपीचं टोपण लावलं आणि बॉनेट मिटून ते हळूहळू जिना चढू लागले.